वॉर्ड नंबर चारचं मत

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. अरुणा शानबाग हे नाव घेतलं की आपल्या डोक्यात एकच शब्द येतो, दयामरण. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांचा तर हा ठरलेला विषय. बाजूने पाच मुद्दे, विरोधात पाच मुद्दे, टाळ्या, बक्षीस. पण मध्यंतरी एका रविवारी ७ मार्च २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल सलग वाचून काढला (कायद्याची भाषा म्हणजे एकही कॉमेंट न लिहिलेला जुना कोड असतो, पण हा निकाल त्यामानाने बराच वाचनीय आहे) आणि मला त्यात दुसरीच गोष्ट दिसली. जगावं की मरावं हा प्रश्न त्यात आहेच. पण त्याच्या आधी न्यायालयाला एक वेगळाच गुंता सोडवावा लागला: हे ठरवायचं कुणी? आणि त्याचं उत्तर आलं, केईएम हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनी. म्हणजे मुख्यतः नर्सेसनी.

हे किती चमत्कारिक आहे बघा. आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेला असतो. तिथे काही ठरवायची वेळ आली की डॉक्टर नातेवाईकांना केबिनमध्ये बोलावतात, दार लोटून घेतात. आठ-आठ तास पेशंटशेजारी असलेली सिस्टर त्या दाराच्या बाहेर असते. तिला कुणी विचारत नाही, आणि आपल्यालाही त्यात काही खटकत नाही. मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जिवंत माणसाबद्दलचा सगळ्यात मोठा निर्णय नर्सेसच्या हाती कसा काय दिला? हा लेख त्याबद्दल आहे.

ज्यांना मूळ घटना नीट ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

अरुणा रामचंद्र शानबाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची, जन्म १ जून १९४८. परळच्या केईएममध्ये ती स्टाफ नर्स होती. तिथे तेव्हा शस्त्रक्रियेच्या प्रयोगांसाठी कुत्री ठेवलेली असत आणि त्या विभागात तिची ड्युटी होती. तिथल्या सोहनलाल वाल्मिकी या सफाई कामगाराशी तिचे खटके उडायचे. कुत्र्यांच्या खाण्यात तो हात मारतो म्हणून ती त्याला बोलली होती, असं सांगितलं जातं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास ती सापडली. मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. ती वाचली, पण परत कधी बोलली नाही, चालली नाही. वय होतं २५.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं. खटला चालला तो चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. बलात्काराचं कलम लावलंच गेलं नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, तिची बदनामी होऊ नये, असा विचार तेव्हा वरच्या पातळीवर झाल्याचं सांगतात. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो सुटला. म्हणजे तिच्या वतीने घेतलेला हा पहिला मोठा निर्णय. तो तिच्या बऱ्यासाठी घेतला असेलही, पण त्यात ना तिचा आवाज होता, ना तिच्यासोबत काम करणाऱ्या मुलींचा.

त्या मुलींनी मात्र आपला आवाज दुसऱ्या मार्गाने काढला. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. मागण्या दोन होत्या. अरुणाची नीट काळजी घ्या, आणि आम्हाला काम करण्याजोगी सुरक्षित परिस्थिती द्या. या दोन मागण्या एकत्र आल्या यात मला फार अर्थ दिसतो. आपल्या मैत्रिणीबद्दलचं दुःख आणि आपल्या नोकरीतला धोका या त्यांच्या लेखी एकाच फाइलमधल्या दोन नोंदी होत्या. रात्रीची ड्युटी करणाऱ्या बाईला कपडे बदलायला तळघराचा आडोसा शोधावा लागतो, हा प्रश्न अरुणाच्या आधीही होता आणि नंतरही राहिलाच.

पुढे १९८० च्या दशकात महानगरपालिकेने अरुणाला केईएममधून दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला. एकदा नाही, दोनदा. कारण कागदावर बिनतोड होतं. एक खाट वर्षानुवर्षं अडून आहे, पेशंट सुधारण्याची शक्यता नाही, आणि केईएमसारख्या ठिकाणी जमिनीवर गाद्या टाकून पेशंट ठेवायची वेळ येते. आपल्या भाषेत रिसोर्स अ‍ॅलोकेशन. मी व्यवस्थापनात असतो तर कदाचित मीही हेच सुचवलं असतं. नर्सेसनी त्याला विरोध केला, निदर्शनं केली, आणि पालिकेला दोन्ही वेळा माघार घ्यावी लागली. अरुणा वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीतच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जे म्हटलं ते नर्सेसनी प्रत्यक्षात तीसेक वर्षं आधीच करून दाखवलं होतं. 'हिचं काय करायचं हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरणार नाही.' कुठल्या कायद्याने त्यांना हा अधिकार दिलेला नव्हता. मेट्रनच्या पदाच्या जोरावरही तो मिळालेला नव्हता. एका खाटेभोवती उभं राहून त्यांनी तो घेतला. आजकाल मॅनेजमेंटच्या पुस्तकांत 'लीडरशिप विदाउट अथॉरिटी' वगैरे प्रकरणं असतात, त्यात हे उदाहरण मला अजून कुठे दिसलेलं नाही.

थोडा हिशेब करतो, सवय आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत, १५,१४७ दिवस होतात. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजारांवर पाळ्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना शय्याव्रण होतात (सगळे बेडसोअरच म्हणतात). म्हणजे दिवसाला बारा वेळा, एकूण एक लाख ऐंशी हजारांच्या वर. हा माझा आपला गुणाकार आहे, कुठल्या रजिस्टरातला आकडा नव्हे. पण इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झालेला नाही याची न्यायालयाने निकालात खास नोंद केली आहे. घरात कुणी म्हातारं माणूस सहा महिने अंथरुणावर पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल.

आता निर्णयप्रक्रियेकडे येतो. हॉस्पिटलात नर्स ठरवते का? अधिकृत उत्तर, नाही. ती उपचारांची अंमलबजावणी करते. सरकारी कागदांत तिच्या पदांना भारदस्त मराठी नावं आहेत. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका, मेट्रन म्हणजे अधिसेविका. पण या शिडीच्या वरच्या टोकाला पोचलं तरी ती शिडी डॉक्टरांच्या शिडीला कुठे जोडलेली नाही, शेजारी नुसती टेकवून ठेवलीय. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये नर्सिंगवर अहवाल दिला. आरोग्य प्रशासनात वरच्या पातळीवर नर्सेसना स्वतःचं स्थान हवं, हे त्यातही होतं. अहवालाचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. असो.

अनधिकृत उत्तर मात्र वेगळं आहे. माझी एक आत्या सरकारी हॉस्पिटलातून परिसेविका म्हणून रिटायर झाली, आता इथे शाहूपुरीतच आमच्या मागच्या गल्लीत राहते. (शाहूपुरी शाहू महाराजांच्या काळात गुळाची व्यापारपेठ म्हणून वसवलेली. आता गुळाचा मोठा बाजार मार्केट यार्डात गेला, आणि गल्ल्यांतून दवाखाने नि हॉस्पिटलं उभी राहिली.) तिला मी विचारलं, की पेशंटची तब्येत बिघडतेय असं तुला दिसलं आणि डॉक्टरांना तसं वाटत नसलं, तर तू काय करायचीस?

ती म्हणाली, "थेट म्हणायचं नसतंय तसं. 'सर, पेशंट मला जरा वेगळा वाटतोय, बीपी परत घेऊ का? तुम्ही म्हणाल तर रक्त पाठवू का?' असं विचारायचं. मग ते म्हणणार, हां, पाठवा. झालं की. ऑर्डर त्यांची."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"मग अर्ध्या तासानं परत फोन करायचा. शिव्या खायच्या, पण करायचा. आणि वेळ घालून रिपोर्ट बुकात लिहून ठेवायचं. ते लिहिलेलं कोण वाचत नसतंय रे, पण लिहायचं."

आत्याला ठाऊक नाही, पण तिच्या या तंत्रावर जगप्रसिद्ध निबंध आहे. लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये त्याला 'डॉक्टर-नर्स गेम' असं नाव दिलं. खेळाचा नियम असा की नर्सने सल्ला तर द्यायचा, पण तो सल्ला आहे हे दिसता कामा नये. डॉक्टरने तो घ्यायचा, पण मागितला असं वाटता कामा नये. दोघांनी नीट खेळलं तर पेशंट वाचतो आणि कुणाचा मानही दुखावत नाही. १९९० मध्ये स्टाइनने पुन्हा लिहिलं, की आता नर्सेस हा खेळ खेळायला नकार देऊ लागल्या आहेत. ते अमेरिकेत. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आपल्याकडे डाव अजून चालूच आहे, फक्त फोनच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलंय.

या खेळात एखाद्याने ऐकलंच नाही तर काय होतं याचं एक भयंकर उदाहरण कॅनडातल्या विनिपेगचं आहे. १९९४ मध्ये तिथल्या हेल्थ सायन्सेस सेंटरमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर एका वर्षात १२ लहान मुलं दगावली. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतल्या नर्सेसना काहीतरी चुकतंय हे फार लवकर जाणवलं होतं, त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. न्यायाधीश मरे सिंक्लेअर यांच्या चौकशीचा अहवाल २००० मध्ये आला. त्यात नर्सेसच्या म्हणण्याची कशी बोळवण झाली याची सविस्तर मांडणी आहे. त्यांनी पाहिलं ते चूक होतं असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. त्या नर्स होत्या, एवढंच कारण पुरलं. आपल्या धंद्यात रात्री तीन वाजता पेजर वाजलेला माणूस सांगतो की सिस्टिम गडबडलीय, आणि आर्किटेक्ट म्हणतो, डायग्राममध्ये तर सगळं ठीक दिसतंय. फरक इतकाच की आपण सर्व्हर रिस्टार्ट करू शकतो.

तर या पार्श्वभूमीवर २०११ चा निकाल वाचायला हवा.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं, ते १९९८ साली आलं. २००९ मध्ये त्यांनी अरुणाच्या 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणून (कायद्याच्या मराठीत वादमित्र) सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिला अन्न भरवणं थांबवा, तिला शांतपणे जाऊ द्या, अशी मागणी होती. न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली: टाटा हॉस्पिटलचे डॉ. जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे डॉ. रूप गुरसहानी आणि सायनचे डॉ. नीलेश शहा. त्यांनी केईएममध्ये जाऊन तिला तपासलं. तपासणीचं चित्रीकरण न्यायालयात दाखवण्यात आलं. ती कोमात नाही, मेंदूमृत नाही, पण कायमच्या जडावस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात, असा समितीचा अभिप्राय होता.

केईएमची बाजू मांडली डीन डॉ. संजय ओक यांनी. तिला संगीत ऐकायला आवडतं, ती खाण्याला प्रतिसाद देते, आमच्या कर्मचाऱ्यांना ती हवी आहे, तिचं आयुष्य संपवायला त्यांचा विरोध आहे, असा त्यांचा सूर होता. नर्सेसचं म्हणणं असायचं की खोलीत अनोळखी गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, कुणी जवळ बसलं की शांत होते. वैद्यकीय अहवालात या गोष्टी 'जाणिवेचा निश्चित पुरावा' ठरत नाहीत. ठरायलाही नकोत कदाचित. पण वर्षानुवर्षं तोंडात घास भरवणाऱ्या बाईला, आजचं गिळणं कालच्यापेक्षा वेगळं आहे हे कळतं, आणि ते एमआरआयमध्ये दिसत नाही, हेही खरं. इथे एक बारीकसा विरोधाभास आहे. ज्या निकालाने नर्सेसच्या मताला एवढं मोठेपण दिलं, त्या न्यायालयात हॉस्पिटलचा अधिकृत आवाज डीनचाच होता.

न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने पिंकी विराणींबद्दल आदर व्यक्त केला, पण वादमित्र म्हणून त्यांना मान्यता दिली नाही. आईवडील हयात नाहीत, जवळचं दुसरं कुणी तिची जबाबदारी घेत नाही. मग इतकी वर्षं रात्रंदिवस जिने तिचं सगळं केलं ती केईएमची मंडळीच तिची खरी वादमित्र, आणि त्यांना ती जगायला हवी आहे, म्हणून याचिका फेटाळली. पुढे असंही म्हटलं, की उद्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा. म्हणजे हा अधिकार त्या दिवसापुरता नव्हता, दोन्ही दिशांचा होता. याच निकालाने भारतात निष्क्रिय दयामरणाची वाट पहिल्यांदा उघडली, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर. बातम्यांत तेच गाजलं. त्या दिवशी केईएममध्ये नर्सेसनी पेढे वाटले, केक कापला. अरुणाचा पुनर्जन्म झाला असं त्या म्हणत होत्या.

पेढ्यांची ती दृश्यं पाहून तेव्हा बरेचजण चिडले होते, आणि मला त्यांचं चिडणं समजतं. ३७ वर्षं जे शरीर वेदनेत आहे की नाही हेही कुणाला नक्की सांगता येत नाही, त्याच्या जगण्याचा आनंद नेमका कुणाचा? विराणींचा मूळ प्रश्न हाच होता, आणि तो निकालाने मिटत नाही. प्रेम करणाऱ्या माणसाला सोडवत नाही, म्हणून निर्णय त्याच्याकडेच द्यावा, की म्हणूनच देऊ नये? आपल्या घरांतही हे होतं. व्हेंटिलेटर काढायचा नाही म्हणून सगळ्यात जास्त हट्ट धरणारा मुलगा बरेचदा अमेरिकेतून शेवटच्या आठवड्यात आलेला असतो. पण केईएमच्या नर्सेस तशा लांबून आलेल्या नव्हत्या, हेही विसरता येत नाही.

मला दुसरी एक गोष्ट जास्त सतावते. निकालात 'केईएमचे कर्मचारी' हा एकच समूह आहे, जणू एक व्यक्ती. १९७३ मध्ये अरुणाबरोबर जेवणाचा डबा खाल्लेल्या नर्सेस २०११ पर्यंत बहुतेक रिटायर झालेल्या असणार. नंतर लागलेल्या मुलींना अरुणा वारशात मिळाली, एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे हँडओव्हर होत होत. त्यांतल्या एखादीला रात्रपाळीत तिच्याकडे बघून वाटलं असेल का, की आता पुरे? वाटलं असेल तर ती हे कुठे बोलली असती? अख्ख्या हॉस्पिटलची ओळख जिच्याशी जोडली गेलीय तिच्याबद्दल वेगळं मत मांडणं बाविशीतल्या नव्या स्टाफ नर्सला किती शक्य होतं? डॉक्टरांच्या उतरंडीत नर्सेसचं मत दबतं हे आपण सहज मान्य करतो. नर्सेसच्या समूहात एखाद्या नर्सचं मतही दबू शकतं, आणि ते कसं ऐकायचं याची सोय निकालात नाही. निर्णय वाटून घ्यायचा तर असहमतीला जागा ठेवावी लागते. साध्या कोड रिव्ह्यूमध्येही आपण 'रिक्वेस्ट चेंजेस'चं बटण ठेवतो.

तरी एवढं मला नक्की वाटतं की न्यायालयाने प्रश्न योग्य लोकांना विचारला. फक्त ज्या कारणासाठी विचारला ते कारण अर्धं होतं. निकाल पुन्हा पुन्हा नर्सेसची सेवा, त्याग, माया यांबद्दल बोलतो. कुटुंब नाही, म्हणून नर्सेस कुटुंबाच्या जागी आल्या. मत मिळालं ते मायेपोटी. त्यांना काही कळतं, रोज बघून बघून जे ज्ञान येतं ते डॉक्टरांकडे नसतं, हे काही मत देण्याचं कारण ठरलं नाही. आणि तसं ठरायला पुरावे कमी नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांवरचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्येच प्रसिद्ध झाला होता: एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. नर्स नुसती माया करत असती तर हा आकडा आला नसता. ती काहीतरी पाहते, आणि वेळेत पाहते.

या अर्ध्या कारणाचा परिणाम पुढे दिसला. अरुणासारखी परिस्थिती, की ना कुटुंब आणि समोर चार दशकं सेवा केलेल्या नर्सेस, पुन्हा येणं कठीण. त्यामुळे २०११ ची मान्यता तिच्यासोबतच संपली. ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज खटल्यात घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल' मान्य केलं. २४ जानेवारी २०२३ ला त्यातली किचकट प्रक्रिया सोपी केली. आता उपचार थांबवायचे का हे ठरवायला दोन वैद्यकीय मंडळं लागतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी किमान दोन तज्ज्ञ. नातेवाईकांची संमती लागते. नर्स? मंडळाच्या रचनेत तिला जागा ठेवलेली नाही.

मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालयाकडे जाता येतं. आमच्या कोल्हापूरकरांसाठी यात एक सोय झाली, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. ते भरतं सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. म्हणजे अशी वेळ आलीच तर कागद मुंबईला न्यायची गरज नाही, रस्ता ओलांडला की झालं. पण तो रस्ता ओलांडून जाणाऱ्या फायलीत, रात्री पेशंटजवळ बसलेल्या सिस्टरने काय पाहिलं याचा एखादा रकाना असेल याची खात्री देता येत नाही. आत्याच्या रिपोर्ट बुकातलं पान कुणीतरी जोडलं तरच.

दुसरी घटना २०२४ ची. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २० ऑगस्टला सुनावणी झाली. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी अरुणा शानबागची आठवण काढली. आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्या यादीत देशातले नामवंत डॉक्टर होते, पदसिद्ध म्हणून सरकारी सचिव वगैरे होते. नर्स एकही नव्हती. १९७३ मध्ये संपावर गेलेल्या नर्सेस जी दुसरी मागणी करत होत्या, बरोबर तोच विषय त्या कृतिदलापुढे होता.

अरुणा शानबाग न्यूमोनियाने गेली, १८ मे २०१५ च्या सकाळी, केईएममध्येच. अंत्यसंस्कार भोईवाड्याच्या स्मशानभूमीत झाले, आणि तिथे नर्सेस मोठ्या संख्येने होत्या.

हा लेख लिहिताना आत्याला २०२३ चे नियम वाचून दाखवले. लिव्हिंग विल नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं, दोन साक्षीदार लागतात, आणि आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने कुणी बोलायचं त्याची नावं त्यात घालता येतात, एकापेक्षा जास्तही, हे सगळं तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझं करून टाकूया. मी लॅपटॉप उघडला आणि पहिलं नाव म्हणून माझं टाइप करायला लागलो.

"तुझं दोन नंबरला घाल," ती म्हणाली. आणि पहिल्या जागेसाठी तिच्या हाताखाली शिकलेल्या, आता दुसऱ्या गावी इन्चार्ज असलेल्या एका सिस्टरचं नाव सांगितलं. मी कारण विचारलं. "तू बाहेर बाकड्यावर बसणार रे. ती आत असणार," एवढं म्हणून ती चहा टाकायला उठली.